युद्ध झाकून सुधारणा वाचतात का? जॉन्सन, व्हिएतनाम आणि १९६५ चा उन्हाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन याने एकीकडे गरिबीविरोधी कार्यक्रम, आरोग्यविमा आणि मताधिकाराचे कायदे आणले, दुसरीकडे व्हिएतनाममध्ये पाच लाखांवर सैन्य नेऊन ठेवलं. दोन दगडांवर पाय ठेवल्यामुळे तो दोन्हीकडून बुडाला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. मग अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला देशातल्या सुधारणा आणि लोकांना नकोसं झालेलं परदेशी युद्ध एकत्र सांभाळता येतं का? आजवर कुणाला आलं? आणि जॉन्सनला १९६५ मध्ये मागे फिरता आलं असतं का?

मी पदव्युत्तर वर्गाला अमेरिकेचा विसाव्या शतकाचा इतिहास शिकवतो. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि बहुतेक वेळा याच शब्दांत येतो, कारण पाठ्यपुस्तकांत ‘ग्रेट सोसायटी’ (जॉन्सनच्या सुधारणांच्या मोहिमेचं हे नाव) हे एक प्रकरण असतं आणि व्हिएतनाम हे दुसरं. वाचणाऱ्याला वाटतं, दोन वेगळ्या गोष्टी चालल्या होत्या आणि एकीने दुसरीचा पैसा खाल्ला. म्हणून मी विद्यार्थ्यांना आधी एकच काम देतो. १९६५ सालची एक दिनदर्शिका काढा आणि दोन्ही प्रकरणांतल्या तारखा तिच्यावर लिहा.

तशी ती लिहिली की चित्र बदलतं. ७ मार्चला अलाबामातल्या सेल्मा गावी मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. दुसऱ्याच दिवशी, ८ मार्चला, अमेरिकेचे मरीन सैनिक दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. उत्तर व्हिएतनामवरची नियमित बॉम्बफेक त्याआधी २ मार्चला सुरू झालेली होती. १५ मार्चला जॉन्सनने संसदेसमोर मताधिकारावरचं ते गाजलेलं भाषण केलं. ११ एप्रिलला शाळांना केंद्राचा पैसा देणारा कायदा झाला. २८ जुलैला त्याने व्हिएतनाममधलं सैन्य ७५,००० वरून १,२५,००० करत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच दिवशी सिनेटने मेडिकेअरच्या, म्हणजे वृद्धांच्या आरोग्यविम्याच्या, विधेयकावर शेवटचा हात फिरवला. ३० जुलैला मेडिकेअरवर सही झाली, ६ ऑगस्टला मताधिकार कायद्यावर. ११ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल पेटली.

आता तुमच्या प्रश्नातल्या ‘नकोसं झालेलं युद्ध’ या शब्दांकडे बघा. १९६५ च्या ऑगस्टमध्ये गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणं ही चूक होती असं म्हणणारे होते २४ टक्के. १९६८ च्या ऑगस्टमध्ये ते निम्म्याच्या वर गेले. म्हणजे निर्णय झाला तेव्हा युद्ध नकोसं नव्हतं. बहुतेकांना ते नीट माहीतच नव्हतं, आणि ते माहीत होऊ नये अशी व्यवस्था जॉन्सनने स्वतः केली होती. माझ्या उत्तराचा गाभा इथेच आहे. युद्धाने सुधारणा खाल्ल्या ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी उलट दिशेची आहे: सुधारणा वाचवण्यासाठी त्याने युद्ध झाकलं, आणि पुढची बरीचशी किंमत त्या झाकण्याची होती.

२८ जुलैचा दिवस जरा सावकाश बघू. त्याच्या आधीचा आठवडाभर व्हाइट हाउसमध्ये बैठका चालू होत्या. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीहून, सायगावहून, परत आला होता आणि त्याची शिफारस स्पष्ट होती. सैन्य मोठ्या प्रमाणावर वाढवा, राखीव दलं आणि नॅशनल गार्डमधून सुमारे २,३५,००० जणांना बोलवा, आणि त्यासाठी करही वाढवा. राखीव दल बोलावणं म्हणजे काय, हे अमेरिकेच्या संदर्भात समजून घ्या. राखीव सैनिक म्हणजे गावातला शिक्षक, दुकानदार, वकील, लग्न झालेला, मुलंबाळं असलेला माणूस. तो एका रात्रीत घरातून उठून गेला की सगळ्या गावाला कळतं की देश युद्धात आहे. शिवाय एवढ्या मोठ्या बोलावणीसाठी संसदेकडे जावं लागलं असतं, म्हणजे उघड चर्चा. करवाढ म्हटली की आणखी मोठी चर्चा.

जॉन्सनने सैन्याची वाढ घेतली आणि बाकीचं दोन्ही टाळलं. राखीव दल नाही, कर नाही, आणीबाणीची घोषणा नाही. त्याऐवजी सक्तीच्या भरतीचा महिन्याचा आकडा १७,००० वरून ३५,००० केला. घोषणाही संध्याकाळच्या मोठ्या भाषणात केली नाही, दुपारच्या पत्रकार परिषदेत केली, जेव्हा टीव्हीसमोर माणसं कमी असतात. त्याच परिषदेत एब फोर्टस यांची सर्वोच्च न्यायालयावर नेमणूकही जाहीर केली, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांना आणखी एक विषय मिळाला. या वाढीमुळे धोरण बदलतंय का, असं एका पत्रकाराने विचारलं तेव्हा, काहीही बदल नाही, असं त्याने सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसा हा प्रकार.

त्याने असं का केलं? मुलं लगेच म्हणतात, खोटारडा होता. तो सत्य वाकवायचा हे खरंच, पण एवढ्याने काही समजत नाही. त्याच्या जागी बसून मतं मोजा. जॉन्सन बारा वर्षं सिनेटमध्ये होता आणि त्यातली शेवटची सहा वर्षं बहुमताचा नेता. १९४९ मध्ये चीनमध्ये कम्युनिस्ट आले तेव्हा तो नुकताच सिनेटमध्ये आला होता. ‘चीन कुणी घालवला’ या एका आरोपावर तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष ट्रुमन याचं सरकार कसं सोलून निघालं, ते त्याने जवळून पाहिलं होतं. दुसरं म्हणजे, संसदेच्या महत्त्वाच्या समित्यांवर दक्षिणेकडचे जुने डेमोक्रॅट बसलेले होते. ते त्याच्याच पक्षाचे, पण मताधिकार आणि आरोग्यविमा यांचे वैरी. युद्धाचं बिल टेबलावर ठेवलं असतं तर हीच मंडळी म्हणाली असती, ठीक आहे, युद्ध करू. मग बाकीचे लाड आता बंद. हा धोका खरा होता. पुढे १९६८ मध्ये अगदी हेच झालं, ते खाली सांगतो.

आणि व्हिएतनाम सोडायचं का नाही? त्याचे फोन ध्वनिमुद्रित व्हायचे आणि ते आता सगळ्यांना ऐकता येतात. २७ मे १९६४ चं राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडीशी झालेलं बोलणं मी वर्गात नेहमी ऐकवतो. हे युद्ध लढण्याच्या लायकीचं आहे असं मला वाटत नाही, आणि आपल्याला यातून बाहेर पडता येईल असंही वाटत नाही, असं तो त्यात म्हणतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्या दिवशी अमेरिकेचे सुमारे सोळा हजार सल्लागार तिथे होते. तेव्हा त्याला धोका दिसला नव्हता, असं कुणी लिहिलं असेल तर ते सोडून द्या. निवृत्तीनंतर त्याने आपली कोंडी फार भावपूर्ण शब्दांत सांगितली आहे आणि लेखक मंडळी ती सारखी वापरतात. मी विद्यार्थ्यांना फोनवरचं बोलणं आधी ऐकायला सांगतो, कारण ते निर्णयाच्या आधीचं आहे, आठवणी नंतरच्या आहेत.

आता पैशाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथे आहे. ‘युद्धामुळे गरिबीनिवारणाला पैसा उरला नाही’ हे वाक्य शब्दशः घेतलं तर चूक आहे. अमेरिका दोन्ही करू शकेल इतकी श्रीमंत होती. १९६८ मध्ये एकूण संरक्षणखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या नऊ-साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होता. कोरियाच्या युद्धात १९५३ मध्ये तो १४ टक्क्यांच्या आसपास होता, आणि त्या काळात अर्थव्यवस्था मोडली नाही. अडचण रकमेची नव्हती. ती रक्कम कुणाकडून, केव्हा आणि काय सांगून घ्यायची, याची होती.

१९६५ च्या डिसेंबरमध्ये आर्थिक सल्लागार मंडळाचा अध्यक्ष गार्डनर ऍक्ली याने जॉन्सनला करवाढ सुचवली. बेरोजगारी कमी होती, कारखाने पूर्ण क्षमतेने चालत होते. अशा वेळी सरकार युद्धासाठी जादा पैसा ओतू लागलं की भाव चढणारच. जॉन्सनने ऐकलं नाही. १२ जानेवारी १९६६ च्या भाषणात त्याने सांगितलं की व्हिएतनाममध्ये लढत असतानाही आपण ग्रेट सोसायटी पुढे नेऊ शकतो. त्याच महिन्यातला अर्थसंकल्प असं गृहीत धरून बनवला होता की लढाई ३० जून १९६७ पर्यंत संपेल. हे गृहीतक कुणी मनापासून मानत होतं असं मला वाटत नाही, पण त्यामुळे कागदावरचा युद्धखर्च आटोक्यात दिसला. प्रत्यक्षात तो जवळपास दुपटीने आला.

अखेर जानेवारी १९६७ मध्ये त्याने आयकराच्या रकमेवर सहा टक्के अधिभार मागितला, आणि ऑगस्टमध्ये तो दहा टक्क्यांवर नेला. आता गाठ होती विल्बर मिल्सशी. प्रतिनिधिगृहातल्या करविषयक समितीचा हा अध्यक्ष. त्याच्या होकाराशिवाय कराचं विधेयक समितीतून बाहेर येत नसे. मिल्सने जवळपास वर्षभर विधेयक अडवून धरलं आणि अट घातली की आधी देशातला खर्च कापा. १९६८ च्या आर्थिक वर्षाची तूट २५ अब्ज डॉलरवर गेली. जूनच्या अखेरीस कायदा झाला तो सहा अब्ज डॉलरच्या कपातीसह. भाववाढ १९६५ मध्ये दोन टक्क्यांच्या आत होती, १९६८ मध्ये ती चार टक्क्यांच्या वर गेली होती. म्हणजे १९६५ मध्ये ज्या सौद्याला घाबरून त्याने युद्धाचं बिल लपवलं, तोच सौदा तीन वर्षांनी करावा लागला. तेव्हा मात्र त्याच्या हातात बहुमत कमी होतं, लोकांचा विश्वास कमी होता आणि भाव वाढलेले होते. उधारीवर तीन वर्षं मिळाली, हे मान्य करायला हवं. त्या तीन वर्षांत बरेच कायदे उभे राहिले.

मात्र मुलं विसरतात अशी एक गोष्ट: सुधारणांना खीळ बसण्याचं कारण फक्त युद्ध नव्हतं. १९६६ च्या निवडणुकीत डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृहातल्या ४७ जागा गमावल्या. त्यात भाववाढ आहे, शहरांतल्या दंगली आहेत, आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांमुळे बिथरलेला गोरा मतदारही आहे. शिवाय १९६४ च्या निवडणुकीतली डेमोक्रॅटांची लाट अफाट होती. ती ओसरणारच होती. जुलै १९६७ मधला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. गरीब वस्त्यांतल्या उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी दोन वर्षांत चार कोटी डॉलर खर्चण्याचं एक छोटं विधेयक प्रतिनिधिगृहात आलं. सदस्यांनी त्याची टर उडवली, हशा पिकला, आणि ते चर्चेला घ्यायलाही नकार दिला. तीनच दिवसांनी डेट्रॉइट पेटलं. युद्धावर वर्षाला वीस अब्जांहून जास्त जात असताना चार कोटींसाठी तिजोरीत पैसे नव्हते, असं कुणी म्हणू शकेल का? इथे आटली होती ती इच्छा. युद्धाने ती आटवायला हातभार लावला, सगळी आटवली नाही.

विश्वासाची गळती मात्र थेट युद्धातून झाली. फेब्रुवारी १९६६ मध्ये सिनेटर फुलब्राइटच्या समितीने व्हिएतनामवर सुनावणी घेतली आणि ती टीव्हीवर दाखवली गेली. अध्यक्षाच्याच पक्षाचा, कधीकाळचा मित्र, उघडपणे प्रश्न विचारत होता. ४ एप्रिल १९६७ ला मार्टिन ल्यूथर किंगने न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये युद्धाविरुद्ध भाषण केलं आणि गरिबांसाठीची माणसं, कौशल्य आणि पैसा हे युद्ध शोषून घेतंय असं सांगितलं. लक्षात घ्या, हे दोघे विरोधी पक्षाचे नव्हते. किंग तर मताधिकार कायद्याच्या सहीला जॉन्सनच्या शेजारी उभा होता. युद्धावर चिडले ते बहुतांशी सुधारणांचे स्वतःचे पाठीराखे. विरोधी पक्ष नव्हे. म्हणून लिंकन किंवा रूझवेल्टशी जॉन्सनची तुलना फारशी उपयोगी पडत नाही. त्यांच्या युद्धांनी त्यांचा पाठिंबा असा आतून उभा चिरला नव्हता.

(जाता जाता: या चिडचिडीची झळ आपल्यापर्यंत आली होती. १९६५-६६ च्या दुष्काळात पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखालचा गहू जॉन्सन एकदम न देता थोडा थोडा सोडत होता. भारताने शेतीकडे लक्ष द्यावं हा हेतू त्यात होताच, पण व्हिएतनामवरच्या बॉम्बफेकीवर दिल्लीहून होणारी टीकाही त्याला झोंबत होती. मुंबई बंदरात उतरणाऱ्या त्या गव्हाचं वेळापत्रक काही अंशी सायगाववर ठरत होतं, हे रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्यांना कुठून कळणार?)

मग काय टिकलं आणि काय नाही? माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या भागात आहे, आणि परीक्षेच्या उत्तरांत हाच भाग सहसा नसतो. १९६४-६५ चे कायदे दोन प्रकारचे होते. काही कायदे एकदा झाले की आपोआप चालत. मेडिकेअरचा रुग्णालय-विमा पगारातून कापल्या जाणाऱ्या स्वतंत्र करावर चालतो, त्याचा निधी वेगळा असतो. १ जुलै १९६६ ला तो सुरू झाला तेव्हा जवळपास १ कोटी ९० लाख वृद्ध त्यात होते, आणि दरवर्षी संसदेपुढे हात पसरायची गरज नव्हती. वर आणखी एक गोष्ट घडली. मेडिकेअरचा पैसा हवा असेल तर रुग्णालयात वर्णभेद चालणार नाही, अशी १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे अट होती. त्यामुळे दक्षिणेतल्या रुग्णालयांनी काही महिन्यांत गोऱ्यांचे आणि काळ्यांचे वेगळे वॉर्ड बंद केले. मताधिकार कायद्याला तर पैसा जवळपास लागतच नव्हता. मिसिसिपीत नोंदणी झालेल्या कृष्णवर्णीय मतदारांचं प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होतं. दोन-तीन वर्षांत ते निम्म्याच्या वर गेलं, आणि त्याच वर्षांत व्हिएतनाममध्ये सैन्याचे आकडे चढत होते.

याच जातीचा तिसरा कायदा आपल्या लोकांच्या ओळखीचा आहे. ३ ऑक्टोबर १९६५ ला, न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी, जॉन्सनने स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली. त्याआधी भारतीयांसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा होता. न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइट भागातल्या मराठी मंडळांची पहिली पिढी, म्हणजे डॉक्टर आणि इंजिनिअर मंडळी, मुख्यतः याच दारातून आत गेली. त्या दाराला दरवर्षीची तरतूद लागत नव्हती, म्हणून युद्ध भडकलं तरी ते उघडंच राहिलं.

दुसऱ्या प्रकारात आर्थिक संधी कार्यालय येतं, म्हणजे गरिबीविरोधी मोहिमेचं मुख्यालय. सार्जंट श्रायव्हर त्याचा प्रमुख. त्याला दरवर्षी संसदेकडून पैसा मंजूर करून घ्यावा लागे, स्थानिक महापौर त्याच्यावर डूख धरून होते, आणि त्याचा लाभ घेणारा वर्ग मतदानात दुबळा होता. त्याची वर्षाची तरतूद दोन अब्ज डॉलरच्या वर कधी गेली नाही. सुरुवातीला श्रायव्हरची अपेक्षा ती वाढत जाईल अशी होती. युद्धाचा पहिला घाव याच्यावर बसला. तेव्हा ‘युद्धाने ग्रेट सोसायटी मारली’ असं सरसकट लिहू नका. दरवर्षी मागून घ्यावं लागणारं उपाशी राहिलं. कायद्याने हक्क म्हणून दिलेलं जगलं. त्यातही हेड स्टार्टसारखा लहान मुलांचा कार्यक्रम लोकप्रिय असल्यामुळे तगला.

आता इतर राष्ट्राध्यक्ष. ट्रुमनशी तुलना मला सगळ्यात शिकवणारी वाटते, कारण दोघांच्या कथा शेवटी विलक्षण जुळतात. २५ जून १९५० ला कोरियात युद्ध सुरू झालं. ट्रुमनने उलट रस्ता धरला: कर वाढवले, १९५० मध्ये आणि पुन्हा १९५१ मध्ये, कंपन्यांच्या जादा नफ्यावर वेगळा कर बसवला, राखीव सैनिक बोलावले, किंमतींवर नियंत्रणं घातली. युद्धाचा बराचसा खर्च त्याच वेळी वसूल झाला. या प्रामाणिकपणाचं त्याला काय मिळालं? लोकप्रियता २३ टक्क्यांच्या आसपास उतरली. मार्च १९५२ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत सिनेटर केफॉवरने त्याला हरवलं आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याने माघार जाहीर केली. जॉन्सनने १९६८ च्या मार्चमध्ये त्याच राज्यात आपल्याच पक्षातल्या युद्धविरोधी सिनेटर यूजीन मॅकार्थीला ४९ विरुद्ध ४२ टक्क्यांनी कसंबसं मागे ठेवलं आणि ३१ मार्चला माघार घेतली. बिल दाखवलेला आणि बिल लपवलेला, दोघेही एकाच दारातून बाहेर पडले.

तेव्हा खरं सांगितलं असतं तर जॉन्सन वाचला असता, असं मी म्हणणार नाही. ट्रुमनकडे संसदेत सुधारणांसाठी पुरेसं बहुमत मुळातच नव्हतं. त्याची राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना कोरियाच्या आधीच डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधाने अडली होती. तरीही युद्ध सुरू झाल्यावर दोन महिन्यांत, २८ ऑगस्ट १९५० ला, सामाजिक सुरक्षेचा मोठा विस्तार करणाऱ्या कायद्यावर त्याची सही आहे. आणि १९४८ मध्ये त्याने सैन्यातला वर्णभेद संपवायचा आदेश काढला होता, त्यावर लष्कर टंगळमंगळ करत होतं. कोरियात माणसं कमी पडू लागल्यावर गोऱ्यांच्या तुकड्यांत काळे सैनिक घ्यावेच लागले. नकोशा युद्धाने इथे एका सुधारणेला ढकलत पुढे नेलं.

निक्सनबद्दल थोडक्यात, कारण तिथली यंत्रणा सरळ आहे. युद्ध वारशात आलेलं, संसद डेमोक्रॅटांची. पर्यावरण संरक्षण संस्था, स्वच्छ हवेचा कायदा, कामगारांच्या सुरक्षेचा कायदा हे सगळं १९७० मधलं. मतदानाचं वय १८ वर आणणारी घटनादुरुस्ती १९७१ ची, आणि तिच्यामागे सक्तीच्या भरतीचाच युक्तिवाद होता: लढायला पाठवता, तर मतही द्या. निक्सन सैन्य सतत कमी करत होता, त्यामुळे युद्धाचं राजकीय ओझं दर महिन्याला थोडं हलकं होत गेलं. जॉन्सनचं ते दर महिन्याला वाढत होतं.

ओबामाचं उदाहरण तुम्हाला जवळचं वाटेल. १ डिसेंबर २००९ ला त्याने अफगाणिस्तानात आणखी ३०,००० सैनिक पाठवत असल्याचं जाहीर केलं. २४ डिसेंबरला सिनेटने आरोग्यविम्याचं विधेयक ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर केलं. २३ मार्च २०१० ला त्यावर सही झाली. दोन्ही एकत्र पेललं की नाही? पेललं, पण कशामुळे ते बघा. सक्तीची भरती १९७३ मध्येच संपलेली होती, त्यामुळे कॉलेजातल्या मुलाला युद्धाची भीती नव्हती. मंदी होती, भाव चढण्याचा धोका नव्हता, म्हणून युद्ध कर्जावर चाललं. प्रतिनिधिगृहातल्या खर्चविषयक समितीचा अध्यक्ष डेव्हिड ओबी याला व्हिएतनामच्या वर्षांची चांगली आठवण होती. युद्धासाठी श्रीमंतांवर जास्त भार टाकणारा वेगळा कर लावा, असा प्रस्ताव त्याने २००९ मध्येच आणला होता. तो पुढे सरकला नाही. म्हणजे युद्ध झाकायची सोय आता व्यवस्थेतच तयार आहे. राष्ट्राध्यक्षाला जॉन्सनइतकी खटपट करावी लागत नाही. हे चांगलं झालं असं मला वाटत नाही.

म्हणून ‘एकत्र सांभाळता येतं का’ याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही. दोन्ही सभागृहांत बहुमत किती आणि ते किती दिवसांचं, युद्धावर कुणाची मुलं जातात, अर्थव्यवस्थेत ढिलाई आहे की ती आधीच तापलेली आहे, आणि युद्धाचा विरोध आपल्याच घरातून येतो की समोरून, यावर ते ठरतं. जॉन्सनच्या बाबतीत पहिली गोष्ट सोडून सगळी पानं उलटी पडली, आणि पहिलीही दोनच वर्षं टिकली.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: १९६५ मध्ये तो मागे फिरू शकला असता का? यावर अभ्यासकांत दोन तट आहेत आणि मी पहिल्यापेक्षा दुसऱ्याकडे झुकतो. पहिला तट म्हणतो, व्हिएतनाम सोडलं असतं तर उजव्यांनी आणि दक्षिणेकडच्यांनी मेडिकेअर आणि मताधिकार दोन्ही गाडले असते. दुसरा तट म्हणतो, तरीही ते झाले असते. शेवटची मतं बघा. मेडिकेअर प्रतिनिधिगृहात ३०७ विरुद्ध ११६, सिनेटमध्ये ७० विरुद्ध २४. मताधिकार कायदा सिनेटमध्ये ७९ विरुद्ध १८. १९६४ मध्ये रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटरला चिरडून डेमोक्रॅटांनी सिनेटच्या ६८ आणि प्रतिनिधिगृहाच्या २९५ जागा घेतल्या होत्या. एवढ्या फरकात वीस-पंचवीस मतं रुसली असती तरी हे दोन कायदे झाले असते, असा माझा हिशेब आहे. जॉन्सन मतं मोजण्यात माझ्यापेक्षा हजारपट तरबेज होता, आणि मत मोजताना कच्चं-पक्कं त्याला कळायचं, हेही मी विसरत नाही. पण त्याने त्या वर्षी विरोधकांचं बळ जास्त धरलं, असं मला आकडे बघून वाटतं.

आणि हे त्याला त्याच वेळी सांगणारा माणूस त्याच्या घरातच होता. उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्रीने १९६५ च्या फेब्रुवारीत त्याला एक टिपण पाठवलं. रिपब्लिकन नुकतेच पार हरले आहेत, त्यामुळे व्हिएतनाममधून अंग काढून घेण्यात राजकीय धोका सगळ्यात कमी असलेलं वर्ष हेच; युद्ध वाढवलं तर विरोध उजवीकडून येणार नाही, आपल्याच उदारमतवाद्यांकडून, कामगार संघटनांकडून, चर्चमधून येईल, असं त्याचं म्हणणं होतं. जॉन्सनने टिपणाचा राग धरला आणि हम्फ्रीला व्हिएतनामच्या बैठकांपासून जवळपास वर्षभर लांब ठेवलं. परत आत येण्यासाठी हम्फ्रीने जाहीरपणे युद्धाची तरफदारी सुरू केली. १९६८ मध्ये पक्षाची उमेदवारी त्याला मिळाली तेव्हा तेच युद्ध त्याच्या गळ्यात होतं. ३० सप्टेंबरला सॉल्ट लेक सिटीच्या भाषणात त्याने पहिल्यांदा बॉम्बफेक थांबवण्याची तयारी दाखवली आणि त्यानंतर तो पाहण्यांमध्ये भराभर वर सरकू लागला. नोव्हेंबरमध्ये निक्सनला ४३.४ टक्के मतं मिळाली, हम्फ्रीला ४२.७.